सिंहाच्या पिंजऱ्यातला पाद्री

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक परगणा आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, खाजणाच्या कडेला, स्टिफकी नावाचं खेडं आहे. वस्ती पाचशेच्या आत. पूर्वी या गावाचं नाव फारतर खवय्यांना ठाऊक असे, तेही इथल्या चिखलात मिळणाऱ्या निळसर कवचाच्या शिंपल्यांमुळे. ओहोटी लागली की गावातल्या बाया दंताळी आणि पोती घेऊन खाजणात उतरत आणि त्या वेचून आणत. १९३२ साली मात्र रविवार उजाडला की या गावाच्या अरुंद रस्त्यावर बाहेरगावच्या बसगाड्या येऊन थांबू लागल्या. उतरलेली मंडळी थेट चर्चमध्ये शिरत. प्रवचनात कुणाला फारसा रस नव्हता. सगळे आले होते ते प्रवचन देणाऱ्याला बघायला.

हॅरल्ड फ्रान्सिस डेव्हिडसन हा त्या चर्चचा रेक्टर, म्हणजे गावचा मुख्य पाद्री. उंची जेमतेम सव्वापाच फूट, वय सत्तावन्नच्या घरात आणि अंगात विलक्षण धावपळ. त्या वर्षी इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत त्याच्याइतकी जागा फार थोड्यांना मिळाली असेल. लंडनच्या वाट चुकलेल्या मुलींना सन्मार्गाला लावणारा संत, असं तो स्वतःबद्दल सांगत होता. त्याच मुलींच्या मागे लागलेला लंपट, असं त्याचा बिशप म्हणत होता.

डेव्हिडसनचा जन्म १४ जुलै १८७५ चा, साउदॅम्प्टनजवळच्या शोलिंगचा. वडील तिथलेच पाद्री. घराण्यात पाद्र्यांची परंपरा होती, तेव्हा मुलानेही तोच रस्ता धरावा असं ठरलेलंच होतं. पोराचा जीव मात्र रंगभूमीत अडकला होता. शाळा संपताच, १८९४ साली, तो नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव हिंडायला लागला. विनोदी भूमिका त्याला चांगल्या जमत. ‘चार्लीज आंट’ या त्या काळी तुफान चाललेल्या प्रहसनात बाईचं सोंग घेणाऱ्या तरुणाची मुख्य भूमिकाही त्याने केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, लंडनच्या दाट धुक्यात, थेम्सच्या काठावर जीव द्यायला निघालेली सोळा वर्षांची एक मुलगी त्याला भेटली. तिची समजूत घालून, पदरचे पैसे देऊन त्याने तिला घरी पाठवलं. ही हकीकत त्यानेच पुढे अनेकदा सांगितली आणि आपल्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ तिथे असल्याचं तो म्हणे.

अखेर वडिलांची इच्छा जिंकली. १८९८ मध्ये तो ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात दाखल झाला. अभ्यासाशी त्याचं फारसं सख्य नव्हतं. परीक्षा रखडल्या, कॉलेज सोडावं लागलं, दुसरीकडे राहून १९०३ मध्ये एकदाची पदवी पदरात पडली आणि तो पाद्री झाला. विंडसर आणि मग लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातलं सेंट मार्टिन चर्च अशा सहायकाच्या नेमणुका झाल्यावर १९०६ साली त्याचं नशीब उघडलं. मार्क्वेस टाउनशेंड या सरदाराचं लग्न त्याने लावलं होतं. स्टिफकी आणि शेजारचं मॉर्स्टन इथे पाद्री नेमण्याचा अधिकार याच सरदाराकडे होता, आणि त्याने ती जागा डेव्हिडसनला दिली. वर्षाला सुमारे ५०० पौंडांचं उत्पन्न, राहायला ऐसपैस वाडा आणि चर्चच्या मालकीची साठ एकर जमीन. त्याच वर्षी मॉली सॉरिन या आयरिश नटीशी त्याचं लग्न झालं.

ही नेमणूक म्हणजे काय चीज होती, हे समजल्याशिवाय पुढची कथा कळत नाही. इंग्लंडच्या चर्चमध्ये रेक्टरला मिळणारा हक्क हा आपल्याकडच्या वतनासारखा होता. एकदा बसला की तो तहहयात बसला. बिशप नाराज झाला, गावकरी वैतागले, तरी नुसत्या नाराजीने त्याला हलवता येत नसे. नीतिभ्रष्ट वर्तनाचा आरोप ठेवून, १८९२ च्या पाद्री-शिस्त कायद्याखाली रीतसर खटला भरून, तो सिद्ध करावा लागे. डेव्हिडसनला याची पुरेपूर जाणीव होती.

पहिली काही वर्षं बरी गेली. गावात तो लोकप्रिय होता. कुणाकडे धान्य नसेल, कुणाचं भाडं थकलं असेल तर याचा हात खिशात जाई. पण लंडनची ओढ सुटली नव्हती. नटनट्यांसाठी काम करणाऱ्या चर्चच्या संघटनेचा तो पाद्री होता, त्यामुळे थिएटरांच्या मागच्या दारांनी त्याला मुक्त प्रवेश असे. पहिल्या महायुद्धात तो नौदलाचा पाद्री म्हणून गेला. १९१९ मध्ये परतला तेव्हा मॉलीला दिवस गेले होते आणि मूल त्याचं असणं शक्य नव्हतं. त्याने गाजावाजा केला नाही, मुलीला आपलं नाव दिलं, एका छपराखाली संसार चालू ठेवला. नवराबायकोत मात्र काही उरलं नाही.

यानंतर त्याचा जो दिनक्रम बसला तो थेट १९३२ पर्यंत. सोमवारी भल्या पहाटेच्या गाडीने तो लंडन गाठी आणि शनिवारी शेवटच्या गाडीने परते. कधी ती गाडी चुके, मग रविवारी प्रार्थनेची घंटा वाजून गेल्यावर रेक्टरसाहेब धापा टाकत चर्चमध्ये शिरत, तर कधी येतच नसत. आठवडाभर लंडनमध्ये तो सोहो, पिकॅडिली, मार्बल आर्च असं पायी हिंडे. घरातून पळून आलेल्या, नोकरी गमावलेल्या, शरीरविक्रयाला लागलेल्या किंवा लागतील असं त्याला वाटणाऱ्या मुलींशी बोले. त्यांना चहा पाजी, खोली मिळवून दे, नाटक कंपनीत चिकटवण्याची खटपट करी. काहींना तो स्टिफकीच्या वाड्यावर घेऊन येई. एकेका वेळी वाड्यात अशा पंधरा-वीस मुली मुक्कामाला असत आणि त्यांचं जेवणखाण मॉलीच्या गळ्यात पडे. स्वतःला त्याने ‘वेश्यांचा पाद्री’ ही पदवी देऊन टाकली होती, आणि शेकडो मुलींना आपण वाचवल्याचं तो अभिमानाने सांगे.

त्याच्या या मोहिमेचं खास क्षेत्र होतं चहाची दुकानं. लायन्स आणि ए.बी.सी. या कंपन्यांनी लंडनच्या कोपऱ्याकोपऱ्यावर स्वस्त, स्वच्छ उपाहारगृहं उघडली होती. लायन्सच्या वाढपणींना सगळे ‘निप्पी’ म्हणत. काळा झगा, त्यावर मोत्यांसारख्या बटणांच्या दोन रांगा, पांढरा ॲप्रन, डोक्याला पांढरी पट्टी आणि चेहऱ्यावर कायम हसू. पगार थोडा, पाय दिवसभर उभे, राहायला भाड्याची खोली. डेव्हिडसनच्या मते या मुली घसरणीच्या काठावर होत्या. तो टेबलाशी बसे, चहा मागवी आणि वाढणाऱ्या मुलीची तारीफ सुरू करी. तुझा चेहरा अमुक नटीसारखा आहे, तुला सिनेमात काम मिळेल, माझी ओळख आहे. मुलगी कामावर असे. गिऱ्हाइकाशी उद्धटपणा केला तर नोकरी जाण्याची भीती. काही दुकानांनी अखेर त्याला दार बंद केलं. आपल्या वागण्यात दुसऱ्याला जाच होण्यासारखं काही आहे, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

पैशाच्या बाबतीतही तो असाच बेफिकीर होता. आर्थर गॉर्डन नावाच्या एका गोडबोल्या माणसाच्या योजनांवर विश्वास ठेवून त्याने उसने पैसे घेतले, सावकारांचं व्याज चढत गेलं आणि १९२५ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. कर्ज तीन हजार पौंडांच्या आसपास गेलं होतं. उत्पन्नाचा मोठा भाग धनकोंकडे वळू लागला. तरीही सोमवारची गाडी चुकली नाही. गॉर्डनकडून पैसे कधीतरी परत मिळतील, याच आशेवर तो लंडनमध्ये त्याचा माग काढत राहिला.

सप्टेंबर १९३० मध्ये मार्बल आर्चपाशी त्याला बार्बरा हॅरिस भेटली. वय सोळा. मेरी ब्रायन या अमेरिकन सिनेनटीशी तुझं साम्य आहे, या ठरलेल्या वाक्याने ओळख झाली. तो तिच्या खोलीवर जाऊ लागला, पैसे देऊ लागला, कामं मिळवून देऊ लागला. पुढे हीच त्याच्याविरुद्धची सर्वांत महत्त्वाची साक्षीदार ठरली.

पण ठिणगी पडली ती वेगळ्याच कारणाने, गावातच. ११ नोव्हेंबर १९३० रोजी मॉर्स्टनच्या युद्धस्मारकापाशी हुतात्म्यांना मानवंदना द्यायला गावकरी जमले होते. लंडनहून यायला उशीर झाल्यामुळे रेक्टर वेळेवर पोहोचला नाही. मॉर्स्टन चर्चचे व्यवस्थापक मेजर फिलिप हॅमंड हे लढाईत पदकं मिळवलेले निवृत्त लष्करी अधिकारी. ज्या गावाने पोरं गमावली त्याच्या स्मारकापाशी पाद्री हजर नसणं त्यांना सहन झालं नाही. रेक्टरच्या लंडनच्या उद्योगांबद्दल कुजबूज होतीच. हॅमंड यांनी नॉरिचचे बिशप बर्ट्रम पोलॉक यांच्याकडे तक्रार केली.

बिशपांच्या वकिलाने एका खासगी हेरसंस्थेला कामाला लावलं. हेरांनी महिनोन्महिने डेव्हिडसनचा पाठलाग केला, त्याच्या ओळखीच्या मुलींना गाठून प्रश्न विचारले. बहुतेक मुलींनी त्याच्याबद्दल चांगलंच सांगितलं. रोझ एलिस या जुन्या ओळखीच्या बाईला मात्र हेरांनी भरपूर पोर्ट पाजली आणि एका जबाबावर तिची सही घेतली. त्यातला सर्वांत खळबळजनक तपशील असा, की रेक्टरच्या पार्श्वभागावरचं गळू तिने एकदा फोडलं होतं. शुद्धीवर आल्यावर तिला पस्तावा झाला. मग फेब्रुवारी १९३२ मध्ये बार्बरा हॅरिसने बिशपांना लांबलचक पत्र लिहिलं आणि खटल्याला खरा आधार मिळाला.

एखादा शहाणा माणूस या टप्प्यावर गप्प बसला असता. डेव्हिडसनने वर्तमानपत्रांना मुलाखती दिल्या. बिशपांना हे प्रकरण शक्य तितक्या शांतपणे आटपायचं होतं. रेक्टरने ते स्वतःच चव्हाट्यावर आणलं.

२९ मार्च १९३२ रोजी वेस्टमिन्स्टरच्या चर्च हाउसमधल्या भव्य सभागृहात खटला उभा राहिला. न्यायालय नॉरिचच्या धर्मप्रांताचं, पण साक्षीदार बहुतेक लंडनचे, म्हणून सुनावणी लंडनमध्ये. न्यायाधीश केपेल नॉर्थ. ज्युरी नव्हती, निकाल त्यांनी एकट्यानेच द्यायचा होता. बिशपांच्या बाजूने रोलंड ऑलिव्हर हे नामांकित बॅरिस्टर, त्यांच्या मदतीला वॉल्टर मंक्टन. बचावाला रिचर्ड लेव्ही. आरोप पाच होते. त्यांत रोझ एलिसशी अनेक वर्षांचे अनैतिक संबंध, एका चिनी उपाहारगृहात तरुणीशी लगट, वॉलब्रुकमधल्या एका वाढपणीकडे अश्लील मागणी, बार्बरा हॅरिसशी अनैतिक वर्तन आणि रस्त्यात तरुण मुलींना सतत गाठून त्रास देणं, अशी वर्गवारी होती.

बार्बराने तासन्‌तास साक्ष दिली. रेक्टरने आपल्याशी जबरदस्तीचा प्रयत्न केला, देहाच्या पापाचं देवाला काही वाटत नाही असं तो म्हणाला, बायकोपासून सुटका झाली की लग्न करीन असं वचन दिलं, हे सगळं तिने सांगितलं. उलटतपासणीत तिच्या कहाणीतल्या विसंगती बाहेर निघाल्या, तारखा जुळेनात. तरीही ती डगमगली नाही. त्यानंतर एकामागून एक वाढपणी, घरमालकिणी, खोल्या भाड्याने देणाऱ्या बाया येऊन गेल्या. प्रत्येकीची गोष्ट छोटीच होती: गळ्यात हात टाकला, मुका घेतला, पुन्हा पुन्हा दुकानात आला. वर्तमानपत्रं हे सगळं शब्दशः छापत होती आणि देश नाश्त्याबरोबर वाचत होता.

मग स्वतः डेव्हिडसन साक्षीला उभा राहिला. सुरुवात त्याने झोकात केली. विनोद केले, टोमणे मारले, प्रेक्षकांना हसवलं. जुना नट जागा झाला होता. रोझ एलिसच्या गळवाचा विषय निघाला तेव्हा ऑलिव्हर यांनी शरीराच्या त्या भागाचं नाव घेऊन प्रश्न केला. त्यावर, हा शब्द आपण खरोखरच कधी ऐकलेला नाही, असं उत्तर रेक्टरने दिलं. सभागृहात हशा पिकला. पण ऑक्सफर्डचा पदवीधर, नौदलात काढलेली वर्षं, सोहोच्या गल्ल्यांतलं आयुष्य, आणि हा शब्द माहीत नाही? त्या एका उत्तराने त्याच्या बाकीच्या उत्तरांवरचाही विश्वास उडाला असेल तर नवल नाही.

खरा घाव बसला तो एका छायाचित्राने. खटला सुरू होण्याच्या आदल्याच दिवशी, २८ मार्चला, डेव्हिडसनने ओळखीच्या एका नटीच्या पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर फोटो काढून घेतला होता. मुलगी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी, अंगावर फक्त एक शाल आणि तीही घसरलेली. शेजारी पाद्र्याच्या वेशातला डेव्हिडसन. बिशपांच्या वकिलांनी ती तसबीर पुढे केली तेव्हा बचावाच्या वकिलांना ती पूर्णपणे नवीन होती. हा मुलीला सिनेमात काम मिळावं म्हणून केलेला प्रयत्न होता, शालीखाली काही नाही हे आपल्याला माहीत नव्हतं, आपल्याला फसवलं गेलं, असा खुलासा डेव्हिडसनने केला. फसवणूक असेलही. पण दुसऱ्या दिवशी ज्याच्यावर याच प्रकारचे आरोप ठेवले जाणार आहेत, असा माणूस त्या स्टुडिओत गेलाच कशाला, याचं उत्तर लेव्ही यांच्यापाशी नव्हतं.

निकाल लागायच्या आधीच, जूनमध्ये एका रविवारी डेव्हिडसन स्टिफकीला पोहोचला. बिशपांनी प्रार्थनेसाठी दुसरा पाद्री पाठवला होता. दोघांत बायबलवरून ओढाताण झाली आणि जमलेल्या लोकांदेखत पाहुण्या पाद्र्याने माघार घेतली. रेक्टरने प्रार्थना घेतली.

८ जुलै १९३२ रोजी निकाल लागला. पाचही आरोपांत दोषी. प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याचे त्याचे प्रयत्न फसले. २१ ऑक्टोबरला नॉरिचच्या कॅथेड्रलमध्ये त्याला पाद्रीपदावरून कायमचं उतरवण्याचा विधी ठरला. त्यालाही तो उशिराच आला. शिक्षा सुनावण्याआधी त्याने परवानगी घेऊन सांगितलं, की आपल्या हातून अविचार झाले असतील, पण त्याहून मोठं पाप झालेलं नाही. बिशपांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याला पदच्युत केलं. वाडा गेला, उत्पन्न गेलं. एकदा तो मॉर्स्टनला चर्चच्या किल्ल्या मागायला गेला तेव्हा मेजर हॅमंड यांनी त्याला लाथ मारून हाकललं आणि त्याबद्दल दंडही भरला.

आता पोटाचा प्रश्न होता आणि न्यायासाठी लढायला पैसाही हवा होता. दोन्हींची सोय ब्लॅकपूलने केली. उत्तर इंग्लंडच्या गिरणी कामगारांचं हे सुटीचं शहर, समुद्राकाठी तमाशांची रेलचेल. तिथे १९३२ च्या उत्तरार्धात डेव्हिडसन एका पिंपात बसू लागला. तिकीट काढून लोक आत येत, पिंपातल्या माजी रेक्टरला पाहत, आणि तो त्यांना आपल्यावरचा अन्याय समजावून सांगे. रस्त्यात गर्दी झाली म्हणून खटले झाले, दंड झाले. पुढच्या वर्षांत काचेच्या भट्टीत भाजला जाणारा पाद्री आणि त्याला त्रिशूळाने टोचणारा यांत्रिक सैतान, असाही खेळ झाला. १९३५ मध्ये त्याने प्रेक्षकांसमोर उपोषण सुरू केलं. त्या काळी आत्महत्येचा प्रयत्न हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता, त्यामुळे त्याला अटक झाली. तो निर्दोष सुटला, उलट नगरपालिकेवर दावा लावून त्याने ३८२ पौंड भरपाई मिळवली. कोर्टात मिळालेला त्याचा हा दुर्मीळ विजय.

नोव्हेंबर १९३६ मध्ये लंडनमध्ये चर्चच्या सभेत घुसून त्याने आर्चबिशप कॉस्मो लँग यांच्यासमोर बोलायचा प्रयत्न केला आणि आपली बाजू मांडणारी पत्रकं वाटली. त्याच महिन्यात व्हिक्टोरिया स्टेशनवर सोळा वर्षांच्या दोन मुलींना त्रास दिल्याबद्दल त्याला दंड झाला. त्यांना नाटकात काम देणार होतो, असं त्याचं म्हणणं होतं. चार वर्षांपूर्वीचा खटला, बदनामी, दारिद्र्य, यांपैकी कशानेही सवय मोडली नव्हती.

१९३७ च्या उन्हाळ्यात लिंकनशायरच्या स्केग्नेस गावातल्या करमणूक बागेत कॅप्टन फ्रेड राय याने त्याला सिंहांच्या खेळात घेतलं. बायबलमधला डॅनिएल सिंहांच्या गुहेतून सुखरूप बाहेर आला होता. हा त्याचा आधुनिक अवतार, अशी जाहिरात. डेव्हिडसन आधी पिंजऱ्याबाहेर उभा राहून आपल्यावरच्या अन्यायाचं भाषण करी आणि मग आत शिरे. आत फ्रेडी नावाचा सिंह आणि टोटो नावाची सिंहीण असे. २८ जुलैच्या संध्याकाळी तो आत असताना त्याचा पाय सिंहिणीच्या शेपटीवर पडला असावा, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. फ्रेडीने झेप घेऊन त्याला धरलं. प्रेक्षकांना आधी हा खेळाचाच भाग वाटला. जनावरांची काळजी घेणारी सोळा वर्षांची मुलगी पिंजऱ्यात शिरली आणि तिने सिंहाला मागे हटवून त्याला ओढून बाहेर काढलं. दोन दिवसांनी, ३० जुलैला, स्केग्नेसच्या इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. चौकशीत अपघाती मृत्यू असा निर्णय झाला. त्यानंतर याच सिंहाने माजी रेक्टरला मारलं, अशी जाहिरात करून बागेने फ्रेडीवर आणखी तिकिटं खपवली.

३ ऑगस्टला स्टिफकीत अंत्यसंस्कार झाले. खेड्यात सुमारे तीन हजार माणसं जमली. मॉली आली, त्या वेळचा मार्क्वेस टाउनशेंड आला, गावकरी तर सगळेच होते. ज्याला चर्चने बाहेर काढलं त्याला चर्चच्याच आवारात पुरलं गेलं. गावाने त्याला कधी पूर्णपणे नाकारलं नव्हतं. उशिरा येणारा असला तरी तो त्यांच्या अडीअडचणीला धावून आला होता, आणि लंडनच्या बॅरिस्टरांचं म्हणणं त्यांना तितकंसं पटलं नव्हतं.

त्यानंतर डेव्हिडसनवर पुस्तकं निघाली, संगीत नाटक झालं, आणि तो निर्दोष होता असं मानणारे लोक वाढत गेले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हेरांनी दारू पाजून घेतलेला जबाब, विसंगत साक्ष आणि एकट्या न्यायाधीशाचा निकाल, एवढ्यावर आजच्या एखाद्या न्यायालयाने त्याला अनैतिक संबंधांबद्दल दोषी ठरवलं असतं असं वाटत नाही. पण या वादात संत की सैतान एवढाच प्रश्न विचारला जातो आणि त्या मुली बाजूलाच राहतात. बिशपांना त्या पुरावा म्हणून हव्या होत्या, वर्तमानपत्रांना मथळा म्हणून, आणि डेव्हिडसनला आपल्या पुण्याचा आकडा म्हणून. लायन्सच्या दुकानात पाय दुखेस्तोवर उभी असलेली वाढपण काय सांगत होती, ते सोपं होतं: हा गृहस्थ मला नकोसा होतो, आणि मला तसं म्हणता येत नाही. पहिल्या चार आरोपांवर शंकेचा फायदा डेव्हिडसनला द्यावा. रस्त्यात आणि दुकानांत मुलींना सतत गाठून त्रास दिल्याचा पाचवा आरोप मात्र खराच होता, आणि तो त्याला शेवटपर्यंत कळला नाही.